दिवाळीतला शिमगा

मराठी भाषेने जनावरांच्या ओरडण्याची मोठी बडदास्त ठेवली आहे. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो, बेडूक डरावतो आणि वाघाला तर एक सबंध डरकाळी फोडायला दिलेली आहे. पण कुलूप लावून दारात उभी केलेली मोटार, आत चिटपाखरू नसताना, अपरात्री आपण होऊन जो आवाज काढते त्याला काय म्हणावे? परवा वर्गात मी हा प्रश्न टाकला, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, बोंबलते!” वर्ग हसला, पण माझ्या मते त्या पोराला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. शिमग्याला तोंडावर हात मारून आपण जे करतो तेच ही मोटार करते. फरक एवढाच, की शिमगा वर्षातून एकदा येतो आणि त्याची तिथी पंचांगात छापलेली असते. मोटारींचा शिमगा बारमाही असतो, आणि त्याला खरा रंग चढतो तो दिवाळीत.

आमचे भिसेगाव कर्जत स्टेशनाला चिकटून आहे. इथले रात्रीचे आवाज ठरलेले. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायला लावलेली इंजिने, त्यांच्या शिट्ट्या, आणि पावसाळ्यात बेडूक. यांची आम्हांला इतकी सवय, की एखादे रात्री शिट्टी ऐकू आली नाही तरच जाग यावी. पण मुंबई-पुण्याच्या मंडळींना कर्जतची हवा मानवू लागल्यापासून शनिवार-रविवारी आळीत मोटारींची रांग लागते. दिवाळीत तर विचारू नका. पाडव्याला जावई येतो तो मोटारीतून, आणि भाऊबीजेला भाऊ येतो तो जावयाच्या मोटारीपेक्षा थोड्या मोठ्या मोटारीतून. मग संध्याकाळी पहिला सुतळी बॉम्ब फुटतो. बॉम्बचा आवाज एका क्षणात संपतो. पुढचा पाऊण तास मोटारींचा असतो.

आमच्या आळीतल्या पोरांनी या विषयात बरेच संशोधन केले आहे. लवंगीच्या माळेला कोणती गाडी नुसतीच ‘कुईं’ करते, लक्ष्मी बॉम्बला कोणती पेटते आणि सुतळी बॉम्बला किती जणी मिळून कोरस धरतात, हे त्यांना तोंडपाठ आहे. “काका, त्या लाल गाडीला फटाकासुद्धा लागत नाही, टायरवर लाथ पुरते,” असे एका चौथीतल्या संशोधकाने मला सांगितले आणि लगेच प्रयोगाने सिद्धही करून दाखवले. पोरांवर रागावण्यात अर्थ नव्हता. त्यापेक्षा गाडी बोंबलते का, हे समजून घ्यावे म्हणून मी मोटारींचे वायरिंग करणाऱ्या एका मिस्त्रींकडे दोन-तीन संध्याकाळी जाऊन बसलो.

मिस्त्रींनी पहिल्याच वाक्यात विषयाला हात घातला. “सर, गाडीला कान नसतात, अंग असतं. फटाका तिला ऐकू येत नाही. आपल्याला कोणी तरी ढकललं असं तिला वाटतं.”

गाडीच्या डॅशबोर्डाखाली काडेपेटीएवढी एक डबी बसवलेली असते. तिला शॉक सेन्सर म्हणतात. बऱ्याच डब्यांत सिरॅमिकची एक पातळ चकती असते. या जातीच्या पदार्थाला दाब किंवा हिसका बसला की त्यात किंचित वीज उत्पन्न होते. काही स्फटिकांच्या अंगी असलेला हा गुण झाक आणि प्येर क्यूरी या दोघा बंधूंनी १८८० साली फ्रान्समध्ये दाखवून दिला. आपल्या स्वयंपाकघरातला ‘टक्’ करणारा गॅसलायटर त्याच गुणावर चालतो. लायटरमध्ये आपण हिसका देतो आणि ठिणगी पडते. गाडीत चोर हिसका देतो आणि भोंगा वाजतो. डबीला साधारणपणे दोन पायऱ्या असतात. हलका धक्का बसला तर ती नुसती खाकरते. जोराचा बसला तर गळा काढते. फटाका फुटला की हवेची एक लाट पसरते, ती दारांना आणि काचांना थडकते, पत्रा थरथरतो आणि ती थरथर डबीपर्यंत पोचते. हा धक्का हाताचा की हवेचा, हे ओळखण्याची अक्कल त्या बापडीला नाही. ढगांचा गडगडाट, भरलेला ट्रक, सायलेन्सर काढलेली मोटारसायकल, तिच्या लेखी सगळे सारखेच चोर.

“मग हिला उपाय काय?” मी विचारले.

“उपाय पेचात आहे,” मिस्त्री म्हणाले, आणि तो त्यांनी करून दाखवला. बाहेरून बसवलेल्या बहुतेक डब्यांवर एक बारीक पेच असतो. काहींना तीच सोय रिमोटमधून असते. तो पिळून डबीचा तिखटपणा कमीजास्त करता येतो. आधी तो अगदी कमी करावा. गाडी बंद करून कुलूप लावावे आणि डबी जागी होईपर्यंत मिनिटभर थांबावे. मग दाराच्या वरच्या खांबावर तळहाताच्या कडेने थाप द्यावी. काचेवर देऊ नये. काहीच झाले नाही तर पेच केसभर वाढवावा आणि पुन्हा थाप द्यावी. उघड्या तळव्याने थोपटले तर गाडी गप्प आणि मुठीने ठोसा दिला तर बोंब, अशी जागा सापडली की तिथेच थांबावे. मग रोजच्या जागी गाडी उभी करून शेजारून एक मोटारसायकल जाऊ द्यावी. आमच्याकडे एक मालगाडीही जाऊ द्यावी. पुष्कळांच्या बाबतीत घोटाळा असा होतो, की गाडी विकत घेतल्यावर हौसेने डबी बसवतात, बसवणारा पेच शेवटपर्यंत पिळून देतो, आणि मालकाला वाटते, जितके तिखट तितके चोख. शिवाय डबी पक्क्या जागी स्क्रूने आवळलेली हवी. ती तारांच्या जुडग्याला नुसत्या चिकटपट्टीने लोंबकळत ठेवली तर स्वतःच हिंदकळते आणि स्वतःलाच चोर समजते.

पण एखादे रात्री वारा नाही, फटाका नाही, ट्रक नाही आणि तरीही गाडी बोंबलते. तेव्हा दोष शॉक सेन्सरचा असेलच असे नाही. दारे आणि बॉनेट उघडी आहेत की मिटलेली, हे सांगणारे छोटे स्विच असतात. आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात बॉनेटचा स्विच गंजतो, आणि मिटलेले बॉनेट त्याला उघडे वाटू लागते. भातशेतीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर शिरतात, बॉनेटखालच्या उबेत संसार मांडतात आणि तारा कुरतडतात. अशा वेळी पेच कितीही पिळला तरी उपयोग नाही. स्विच साफ करावा किंवा बदलावा, तारा तपासाव्यात.

तिसरा संशयित म्हणजे बॅटरी. बारा व्होल्टची म्हणतात ती बॅटरी भरलेली आणि विसावलेली असताना साडेबाराच्या थोडे वर दाखवते. शेतघराच्या दारात तीन-तीन आठवडे उभ्या असलेल्या गाडीत ती उतरत जाते. काही भोंग्यांना पोटात स्वतःची वेगळी छोटी बॅटरी असते. चोराने मुख्य तार कापली तरी आवाज व्हावा म्हणून केलेली ही सोय. मोठी बॅटरी उतरली की छोटीला वाटते तार कापली, आणि ती शंख करते. मालक ठाण्यात आणि शंखध्वनी कर्जतेत, असा प्रकार पुष्कळदा याच कारणाने होतो.

काही महागड्या गाड्यांत याहून नाजूक कारभार असतो. आतल्या भागात माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी सोडलेल्या असतात. आपला कान वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो, या लहरी चाळीस हजारांच्या आसपासच्या. आत काही हलले की परत येणाऱ्या लहरी बदलतात आणि गाडी जागी होते. कल्पना उत्तम, पण काच बोटभर उघडी राहिली तर वाराही आत येतो. आरशाला लोंबणारा गणपती डुलतो, दसऱ्याची झेंडूची माळ हलते, कोळी नेमका सेन्सरच्या तोंडावर जाळे विणायला बसतो. अशा गाडीच्या काचा पूर्ण मिटाव्यात आणि आरसा मोकळा ठेवावा. गाडी उचलून नेऊ नये म्हणून काहींत तिरकेपणा ओळखणारा सेन्सरही असतो. घरासमोर तो निमूट असतो; पण २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून आपल्या मांडव्याला मोटारी बोटीतून येऊ लागल्या आहेत, आणि बोट डुलू लागली की या गाडीला वाटते आपल्याला पळवून नेत आहेत. हे दोन्ही सेन्सर तेवढ्यापुरते बंद करण्याची सोय पुष्कळ गाड्यांत असते आणि ती गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात दिलेली असते. ते पुस्तक पहिल्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कप्प्यात जाते आणि गाडी विकेपर्यंत तिथेच नांदते, ही गोष्ट वेगळी.

इतके कळल्यावर मला वाटले, हा विषय पेचाचा आणि स्विचचा आहे, आता मिटला. पण गेल्या दिवाळीच्या पाडव्याने तो तसा मिटू दिला नाही.

आमच्या शेजारी रेल्वेतले एक गृहस्थ राहतात. या हुद्द्याला आता लोको पायलट म्हणतात, पण आळीत ते अजून ड्रायव्हरसाहेबच आहेत. रात्रपाळी करून ते पाडव्याच्या सकाळी घरी आले. संध्याकाळी पुन्हा कामावर जायचे होते. आंघोळ झाली, ओवाळणे झाले, फराळाचे चार घास खाऊन ते झोपले. आणि अकराच्या सुमारास समोरची पाहुण्यांची गाडी बोंबलू लागली. दोन मिनिटे बोंब, दहा मिनिटे शांतता, पुन्हा बोंब. मालक घरच्यांना घेऊन दुसऱ्या गाडीने कोंढाण्याची लेणी पाहायला गेलेला, किल्ली त्याच्या खिशात, आणि तिथे फोन लागत नव्हता. वहिनींनी खिडक्या लावल्या, पडदे ओढले, वर गोधडी टांगली. मुलांना फटाके उडवू नका म्हणून त्यांनी बजावले होते. गाडीला कोण बजावणार? दुपारी चारला ड्रायव्हरसाहेब उठून बाहेर आले, तेव्हा डोळे तांबारलेले होते. त्यांनी फोन करून आपली विश्रांती झालेली नाही असे कळवले, आणि त्या रात्री त्यांच्या जागी दुसऱ्या माणसाला बोलावले गेले.

“सर, घाटात डुलकी चालत नाही,” ते मला म्हणाले. “पण त्या माणसाच्या घरीसुद्धा पाडवा होता हो.”

घाट म्हणजे आमचा बोरघाट. १८६३ साली इथून रेल्वे सुरू झाली. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा हा चढ. येताना तोच उतार. या उतारावर गाडी अनावर झालीच तर तिला डोंगराच्या अंगाला वळवून थोपवायला वेगळे फाटे काढलेले आहेत. अशा ठिकाणी हजारो टनांची मालगाडी उतरवणाऱ्या माणसाची झोप ही त्याची खाजगी बाब राहत नाही.

मी म्हणालो, “एवढी पाच तास गाडी ओरडत होती, पण आळीतून एकही माणूस तिच्याकडे पाहायला गेला नाही.”

“कशाला जाईल? ती रोजचीच ओरडते.” ते थोडे थांबून म्हणाले, “आमच्याकडे रुळावर फटाका लावतात. धुकं असलं, पुढे धोका असला, की चाकाखाली तो फुटतो. तो फुटला की कोणी लावला, कशाला लावला, असलं काही आम्ही विचारत नाही. आधी वेग आवरतो. कारण तो उगाच कधी फुटत नाही.”

फटाक्यांच्या दिवसांत ऐकलेली फटाक्याविषयीची ही सर्वांत शहाणी गोष्ट होती. त्याच रेल्वेच्या डब्यात एक साखळी असते. ती विनाकारण ओढली तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४१ व्या कलमान्वये एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लहानपणी ती पाटी वाचून मला वाटे, एवढ्याशा खोडीला एवढी शिक्षा? आता उमगते, की ती शिक्षा गाडी थांबवल्याची आहे तशीच खोट्या हाकेचीही आहे. साखळी ओढल्यावर गार्डाला ‘असेल कोणी तरी चावट’ असे वाटू लागले, की ज्याला खरोखर साखळी ओढायची वेळ येईल त्याचे काय?

मोटारीची बोंब तरी कोणासाठी असते? मालकासाठी नव्हे, तो बहुधा लांब किंवा गाढ झोपेत असतो. चोर घाबरेल हे खरे, पण तो घाबरतो तो भोंग्याला नाही, भोंगा ऐकून खिडकीत येणाऱ्या माणसाला. म्हणजे ती बोंब शेजाऱ्यांसाठी आहे. पूर्वी गावात जागल्या असे. त्याला गाव बलुते देई, आणि तो ओरडला तर काठ्या घेऊन गाव उठे. आता मोटारवाला फुकटात सगळ्या आळीला जागल्या नेमतो आणि महिन्यातून दहा वेळा खोटे उठवतो. अकराव्या वेळी आळी उठत नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती खोटे बोलू नये म्हणून. पण त्या गोष्टीत लांडगा शेवटी खरोखरच येतो, हे आपण विसरतो.

अमेरिकेत विम्याच्या दाव्यांवरून याचा हिशेब १९९७ साली मांडला गेला होता. भोंगा असलेल्या गाड्यांच्या चोरीच्या नुकसानीत एकंदरीने काही घट दिसली नाही. उलट युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींत एक मुकी युक्ती सक्तीची झाली. किल्लीच्या डोक्यात एक छोटी चिप असते. तिची खूण पटली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. हॉलंडमध्ये १९९५ ते २००८ या काळाचा अभ्यास झाला, त्यात या युक्तीने मोटारचोऱ्या सरासरी चाळीस टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. आपल्याकडच्याही नव्या मोटारींत ही चिप सर्रास असते. म्हणजे खरी राखण ती मुकी करते आहे आणि मिरवते आहे बोंबलणारी. संसारातही हे असेच असते म्हणा.

कायदा याबाबतीत अगदीच झोपलेला नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे. २०१० च्या दुरुस्तीने रात्री वस्तीत हॉर्न वाजवणे आणि आवाजाचे फटाके उडवणे दोन्ही निषिद्ध ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ आखून दिली. फटाके उडवणारा निदान घड्याळ पाहू शकतो. मोटारीचा भोंगा जवळून शंभर डेसिबलच्या वर जातो आणि त्याला घड्याळ कळत नाही. पण प्रत्येक बोंबेमागे पोलिसांना कोठवर बोलवायचे? हे काम शेजारधर्माचे आहे, आणि ते अवघडही नाही.

वसुबारसेच्या आत करायच्या कामांची यादी प्रत्येक घरात असते. करंज्यांचे सारण, कंदिलाचा कागद, उटण्याची पुडी. त्यात मोटारवाल्यांनी आणखी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. पेच तपासून घ्यावा. बॅटरी आणि बॉनेटचा स्विच एकदा मिस्त्रीला दाखवावा. फटाक्यांच्या दोन तासांपुरता शॉक सेन्सर बंद ठेवावा. रस्त्यावर सारी आळी जागी असताना मोटारीने जागे राहण्याची गरज नाही. आणि गाडी दुसऱ्याच्या दारात उभी करून जाणार असाल तर पुढच्या काचेआड एक चिठ्ठी ठेवावी, आणि तिच्यावर स्वतःचा फोन नंबर व ज्यांच्याकडे आला आहात त्यांचे नाव ठळक अक्षरांत लिहावे. शक्य तर किल्ली त्या घरीच ठेवून जावी. लेणी किल्लीशिवायही पाहता येतात.

यंदा आमच्या ड्रायव्हरसाहेबांना पाडव्याला पुन्हा रात्रपाळी आहे. आळीतल्या पोरांनी आपण होऊन ठरवले आहे, की त्या दिवशी दुपारी त्यांच्या घराच्या बाजूला फटाके लावायचे नाहीत, आणि येणाऱ्या प्रत्येक मोटारवाल्याला “काका, तुमची गाडी किती तिखट आहे?” असे आधी विचारायचे. तो लाल गाडीवाला चौथीतला संशोधक आता पाचवीत गेला आहे आणि या खात्याचा मुख्य आहे. तुम्ही भिसेगावास आलात तर त्याच्या प्रश्नाला खरे उत्तर द्या. त्याला खोटे सांगून उपयोग नाही. तो टायरला लाथ मारून पाहतो.